मधुबाजांची शिरगणती

इटलीचा नकाशा ज्याने शाळेत एकदा तरी काढला असेल, त्याच्या ध्यानातून त्या देशाचा आकार सहसा जात नाही. भूमध्य समुद्रात रोवलेला एक उंच टाचेचा बूट, आणि त्या बुटाच्या चवड्यापुढे पडलेला सिसिली बेटाचा त्रिकोणी गोटा. जणू कोणी तो आता लाथेने उडविणारच. चवडा आणि गोटा यांच्यामध्ये पाण्याची जी चिंचोळी पट्टी राहते ती मेसिनाची सामुद्रधुनी होय. ती जेथे सर्वांत अरुंद आहे तेथे तिची रुंदी दोन मैलही भरत नाही. प्राचीन ग्रीकांनी येथल्या पाण्यात सिला आणि कॅरिब्डिस अशा दोन राक्षसिणी कल्पिल्या होत्या, आणि १९०८ सालच्या डिसेंबरात झालेल्या भूकंपाने मेसिना शहर जमीनदोस्त केले होते, इतकी माहिती भूगोल-इतिहासाच्या पुस्तकांतून मिळते. परंतु याच सामुद्रधुनीवरून दरवर्षी चैत्र-वैशाखात जी एक मोठी वाहतूक आकाशमार्गाने चालते, तिचा उल्लेख त्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. ती वाहतूक शिकारी पक्ष्यांची आहे.

आफ्रिकेच्या अरण्यांत हिवाळा काढून युरोपकडे परतणारे हे पक्षी मोठ्या पंखांचे असतात. मोठा पंख हे ऐश्वर्य खरे, पण ते चालविणे फार खर्चाचे. सारा प्रवास पंख मारीत करावयाचा म्हटले तर अंगातली चरबी अर्ध्या वाटेतच सरावयाची. म्हणून ते दुसरी युक्ती योजतात. ऊन चढू लागले की तापलेल्या जमिनीवरून उष्ण हवेचे स्तंभ वर उठू लागतात. अशा स्तंभात शिरून, पंख पसरून, घिरट्या घेत पक्षी वर वर चढतो. माथ्याशी पोहोचला की पंख किंचित आखडून पुढच्या स्तंभाकडे उतरत्या वाटेने घसरत जातो. आपल्याकडे दुपारच्या वेळी घारी याच रीतीने आभाळात चढताना दिसतात, आणि नांगरटीच्या रानात माना वर करून त्या पाहिल्या नाहीत असा शेतकरी विरळा. मात्र समुद्रावर ही सोय नाही. पाणी जमिनीसारखे तापत नाही, तेव्हा समुद्र ओलांडावयाचा म्हणजे स्वतःच्या बळावर पंख मारणे आलेच. त्यामुळे असे पक्षी समुद्राचा पल्ला होईल तितका टाळतात, आणि जेथे दोन भूप्रदेश एकमेकांजवळ येतात तेथे नाळक्यात पाणी लोटावे तसे एकवटतात. पश्चिमेस जिब्राल्टर, पूर्वेस बॉस्पोरस, आणि मध्ये मेसिना, ही अशीच नाळकी होत.

मेसिनाच्या वाटेने येणाऱ्यांस त्याआधी एक कठीण मजल मारावी लागते. ट्युनिशियाच्या बोन भूशिरापासून सिसिलीच्या पश्चिम टोकापर्यंत सुमारे ९० मैल उघडा समुद्र आहे. तो पार करून दमलेले पक्षी सिसिलीच्या भूमीवर येतात, बेटाच्या डोंगराडोंगरांनी पूर्वेकडे सरकतात, उजव्या हातास एटना ज्वालामुखीचे सुमारे ११ हजार फूट उंचीचे शिखर ठेवतात, आणि पेलोरितानी नावाच्या डोंगररांगेवरून अखेरीस त्या दोन मैलांच्या पाण्यापाशी येऊन ठेपतात. पलीकडे कॅलाब्रियाचा मुलूख आणि आस्प्रोमोन्तेचे डोंगर. तेथून पुढे सारा युरोप मोकळा.

या प्रवाशांत घारी असतात, आणि त्या जातीने आपल्या गावच्याच घारी होत. भोवत्ये असतात, त्यांपैकी पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या ही नावे सोलापूर-अकोल्याकडच्या माळरानांत हिवाळी पाहुण्यांचा माग घेणाऱ्यांस परिचित आहेत. छोटे ससाणे असतात, करकोचे असतात, क्वचित एखादे पांढरे गिधाडही असते. परंतु ज्याच्यामुळे मेसिनाचे नाव झाले तो पक्षी म्हणजे युरोपातला मधुबाज. मोजलेल्या शंभर पक्ष्यांत बहुसंख्य त्याचेच असतात.

मधुबाज या नावावरून तो मधावर जगत असावा असा समज होतो. वास्तविक तो मधाचा तितकासा भोक्ता नाही. त्याचे खरे अन्न म्हणजे गांधीलमाश्यांची पोळी आणि त्यांतल्या अळ्या. ही पोळी पुष्कळदा जमिनीत असतात. तेव्हा हा बाज झाडावर बसून माश्यांची ये-जा पाहतो, पोळ्याचा ठाव काढतो, आणि कोंबडीने उकिरडा उकरावा तसा पायांनी जमीन उकरून पोळे बाहेर काढतो. त्याकरिता त्याची नखे इतर बाजांइतकी वाकडी नाहीत, आणि दंश सोसावे म्हणून चेहऱ्यावर खवल्यांसारखी दाट, बारीक पिसे आहेत. आपल्या महाराष्ट्रात याचा एक जवळचा भाऊबंद आहे. तो मधमाश्यांच्या पोळ्यांवर तुटून पडताना दिसतो. नावात बाज असला तरी हा मुळात शांत स्वभावाचा पक्षी. मादी बहुधा दोनच अंडी घालते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. या पक्ष्याची पिल्ले पहिल्या शरदात आफ्रिकेत गेली की पुढचा उन्हाळा तेथेच काढतात, आणि वयात येऊ लागल्यावरच परत फिरतात. म्हणजे वसंतात मेसिनावरून जाणारा मधुबाज जवळजवळ नेमका घरटे बांधावयास निघालेला, कर्ता असा पक्षी असतो. त्याला मारणे म्हणजे पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खाणे होय.

आणि मारीत तर त्याच वेळी असत.

सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवर, विशेषतः कॅलाब्रियाच्या रेज्जो प्रांतात, मधुबाजाला 'आदोर्नो' म्हणतात. या आदोर्नोविषयी तेथे एक जुनी समजूत होती: ज्या पुरुषाने वसंतात एक तरी आदोर्नो पाडला नाही, त्याच्या बायकोचे मन त्या वर्षी परपुरुषाकडे जावयाचे. त्या देशी अशा नवऱ्याला शिंगे फुटली असे म्हणतात, आणि दक्षिण इटलीत पुरुषाला याहून झोंबणारी शिवी नाही. मग काय विचारता? बाप मुलाला घेऊन डोंगरावर जाई. पहिला आदोर्नो पडला म्हणजे मुलगा पुरुषात जमा झाला असे समजत. पाडलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून ते दिवाणखान्यात मांडीत. हे पक्षी डोंगरकडांच्या आश्रयाने जातात हे ओळखून कडांवर दगड-सिमेंटाच्या, पक्क्या, बंदुकीपुरती फट ठेवलेल्या लपणी बांधल्या होत्या. समोरून वारा असला म्हणजे पक्षी उंच राहू शकत नाही; तो उताराला घासून, माणसाच्या डोक्यावरून गेल्यासारखा जातो. संध्याकाळी दमलेले थवे रात्रीपुरते झाडीत उतरतात. हे दोन्ही प्रसंग बंदूकवाल्यांना चांगले ठाऊक होते.

या समजुतीस हसणे सोपे आहे. पण घुबड ओरडले तर घरात माणूस दगावते असे मानून त्या निरुपद्रवी, उंदीर खाणाऱ्या पक्ष्यावर दगड उचलणारी माणसे आपल्याकडेही आहेत. तेव्हा हसताना हात राखून हसावे हे बरे. शिवाय कॅलाब्रियातली ही प्रथा निव्वळ अज्ञानावर उभी नव्हती. ती लौकिकावर उभी होती. तिच्यामागे भूक नव्हती, पैसाही फारसा नव्हता. प्रश्न पोटाचा नव्हता, मिशीचा होता, आणि मिशीचा प्रश्न पोटाच्या प्रश्नाहून सोडविण्यास कठीण जातो.

कायदा झाला नाही असे नाही. १९७७ सालच्या इटालियन कायद्याने वन्यजीव ही राष्ट्राची मालमत्ता ठरली आणि शिकारी पक्ष्यांना संरक्षण मिळाले. १९७९ साली युरोपातल्या राष्ट्रांच्या संघाने पक्षिरक्षणाचा निर्बंध घातला. कागद झाले, पण डोंगरावरचे बार थांबले नाहीत. ज्या गावात शिक्षकापासून दुकानदारापर्यंत सर्वांनाच ती वहिवाट ठाऊक, तेथे एकट्या शिपायाने कोणाकोणाला धरावयाचे?

अशा स्थितीत १९८१ साली मेसिनातली आन्ना जोर्दानो नावाची १५ वर्षांची मुलगी या कामात पडली. पक्षी पाहण्याचा तिला नाद होता. पेलोरितानीच्या कडेवर जाऊन तिने पाहिले ते हे, की ज्यांना दुर्बिणीतून न्याहाळावे त्यांना लोक तिच्या देखत पाडीत आहेत. १५ वर्षांची मुलगी अशा वेळी रडते, किंवा घरी परतते, किंवा वडील माणसांस सांगते. तिने वनरक्षकांकडे दाद मागितली, पुनःपुन्हा मागितली, आणि मागत असतानाच डोंगरावर बसण्याचे मात्र सोडले नाही. तिच्याबरोबर हळूहळू इतर तरुण आले. पुढे पक्षिरक्षण करणाऱ्या संस्थांनी वसंतातल्या त्या आठवड्यांत दोन्ही काठांवर तळ टाकण्यास सुरुवात केली आणि परदेशांतूनही स्वयंसेवक येऊ लागले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. दुर्बीण, वही, पेन्सिल, आणि एकमेकांशी बोलण्यासाठी बिनतारी यंत्र, एवढाच सरंजाम.

त्यांचे मुख्य काम मोजण्याचे. हे काम ऐकावयास जितके सोपे वाटते तितके ते नाही.

सकाळी ऊन तापण्यापूर्वी मोजणाऱ्याने कडेवर जागा धरलेली असावी लागते. प्रथम तासभर काहीच दिसत नाही. डोळे निळ्या आभाळावर ठरत नाहीत. म्हणून अनुभवी माणूस ढगाच्या कडेवर नजर ठेवतो, कारण पांढऱ्यावर काळा ठिपका लवकर उठून दिसतो. मग क्षितिजाशी धुळीचे कण हलावेत तसे काही हलते. दुर्बीण लावली की त्या कणांना पंख फुटतात. पक्षी स्तंभात चढत असताना त्यांना मोजण्याचा प्रयत्न करणारा फसतो. उकळत्या भांड्यातले तांदूळ मोजावेत तशी त्याची गत होते. रीत अशी आहे, की थवा माथ्याशी पोहोचून एकामागून एक बाहेर पडू लागला, आणि पक्ष्यांची माळ पुढच्या डोंगराकडे ओघळू लागली, की ठरविलेल्या एका रेषेवरून, एखादे झाड वा सुळका धरून, ती रेषा ओलांडील तो एक असे मोजावयाचे. एकाने डोळा काढू नये, दुसऱ्याने लिहावे. थवा मोठा असेल तर दहादहांच्या गटाने. हातात बोटाने दाबावयाचे मोजणीयंत्र असते. पण एकाच वेळी घारी, भोवत्ये आणि मधुबाज मिसळून आले तर दोन हात आणि दहा बोटे पुरत नाहीत.

दुसरी अडचण दुबार मोजणीची. समुद्राच्या काठाशी येऊन पक्षी पुष्कळदा कचरतो. पाण्यावर थोडा जातो, वारा मनाजोगा नाही असे पाहून मागे फिरतो, तासाभराने पुन्हा निघतो. एक तोच पक्षी असा तीनदा नोंदला गेला तर हिशेब वाढेल, आणि वाढलेला हिशेब घटलेल्याइतकाच खोटा. म्हणून एका ठाण्यावरून दुसऱ्यास कळवितात: अमक्या वेळी इतक्यांचा थवा, इतक्या उंचीवर, अमक्या दिशेने. नोंदीत वेळ, वारा, ढग आणि दृष्टीचा पल्ला हीही लिहावी लागतात, कारण वारा फिरला की पक्ष्यांची वाट काही मैल सरकते आणि एका कडेवरचा माणूस दिवसभर रिकामा बसतो. शून्य पक्षी दिसले तर शून्य लिहावे लागते. ही शून्ये लिहिण्याचा कंटाळा ज्याला येतो त्याने या वाटेस जाऊ नये; हजारांचे आकडे लिहिण्यास कोणीही तयार असतो.

मेसिनाच्या वहीत मात्र एक रकाना असा होता, की जो इतर देशांतल्या पक्षिगणकांच्या वहीत सहसा नसतो. तो बंदुकीच्या बारांचा. पक्षी किती गेले हे जसे मोजावयाचे, तसे बार किती ऐकू आले हेही मोजावयाचे. कोणत्या बाजूने, किती वाजता. प्रारंभीच्या वर्षांत पक्ष्यांचा रकाना काही हजारांवर थांबे आणि बारांचा रकाना शेकड्यांनी भरे. या दुसऱ्या रकान्याचे मोल पुष्कळांच्या लक्षात उशिरा आले. 'येथे फार शिकार होते' हे वाक्य कोणीही नाकारू शकतो; अमक्या तारखेस, अमक्या कडेवर, इतक्या वाजता इतके बार, ही नोंद नाकारणे अवघड. वनरक्षकांच्या तुकड्या नेमक्या कोठे आणि केव्हा पाठवाव्यात हे त्या वह्यांवरून ठरू लागले. आणि याहूनही एक गंमत अशी झाली, की जेथे दुर्बीणवाला बसला तेथे बंदूकवाल्याला चैन पडेना. चारचौघांत मिरविण्याची गोष्ट एकदा कोणी वहीत टिपू लागला म्हणजे तिची ऐट उतरते.

हे सारे सुखासुखी झाले नाही. १९८६ साली जोर्दानोची मोटार जाळण्यात आली. टपालाने तिच्याकडे मेलेला पक्षी धाडण्यात आला, सोबत धमकीची चिठ्ठी. रात्री-अपरात्री काय निरोप येत असतील याची कल्पना करता येते. तरी पुढच्या वसंतात ती वहीसह कडेवर हजर होती. १९९२ साली इटलीत वन्यजीवांचा नवा आणि अधिक कडक कायदा झाला. वनरक्षक पोलिसांची खास पथके मोसमात डोंगरावर राहू लागली. हे वनरक्षक दल २०१७ पासून काराबिनिएरी दलात विलीन झाले आहे. १९९८ साली जोर्दानोला पर्यावरणरक्षणासाठी दिला जाणारा गोल्डमन पुरस्कार युरोप खंडाकरिता मिळाला, तेव्हा तिचे वय बत्तिशीच्या आसपास होते. म्हणजे अर्धे आयुष्य तिने त्या कडेवरच्या कामात घातले होते.

आता आकड्यांकडे वळू. अलीकडच्या वर्षांत एका वसंतात या सामुद्रधुनीवर मोजल्या जाणाऱ्या शिकारी पक्ष्यांची संख्या ३० हजारांच्या वर जाते, आणि एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी एखाद्याच दिवशी काही हजार पक्षी जातात. बारांचा रकाना पूर्वी शेकड्यांनी भरे, तो आता विरळ झाला आहे. विशेषतः सिसिलीच्या बाजूस मोसमभरात थोडेच बार ऐकू येतात. कॅलाब्रियातली बंदूक अद्याप साफ मुकी झालेली नाही, आणि तळ उठला तर ती पुन्हा बोलणार नाही अशी हमी देणे धाडसाचे होईल.

पण येथे उतावळेपणाने गणित मांडणाऱ्यास अडविले पाहिजे. तीन हजारांचे तीस हजार झाले म्हणून मधुबाज दसपट झाले असे मुळीच नाही. पूर्वी मोजणारे थोडे होते, दिवस थोडे होते, ठाणी थोडी होती. आणि बंदुकीला बुजून पक्षीही उंचावरून वा आडवाटेने जात असतील. आता डोळे वाढले आहेत. ज्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी एक तास आणि दुसऱ्या वर्षी दहा तास अभ्यास केला, त्याने किती पाने वाचली याची तुलना करताना तास विसरून चालत नाही. म्हणून जाणते गणक नुसती बेरीज सांगत नाहीत. किती दिवस, किती तास, किती ठाणी हेही सांगतात. या बाबतीत वर्तमानपत्रे त्यांचे ऐकत नाहीत, आणि मोठा आकडा तेवढा ठळक अक्षरांत छापतात. त्यांचा दोष गणकांच्या माथी मारू नये.

मोजणीने एखादी गोष्ट किती उशिरा, पण किती निश्चित कळते, याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. तेथे मोसम शरदाचा, पण मामला तोच. पेनसिल्व्हेनियात एका डोंगरकडेवर शिकारी शेकड्यांनी बाज पाडीत. १९३४ साली रोझाली एज नावाच्या बाईंनी तो डोंगरच भाड्याने घेतला, पुढे विकत घेतला, आणि मॉरिस ब्राऊन नावाच्या गृहस्थास राखणदार नेमले. हॉक माउंटन म्हणून तो आज प्रसिद्ध आहे. ब्राऊनने राखण करता करता वर्षानुवर्षे मोजणी ठेवली. १९३५ ते १९३९ या काळात तेथून गेलेल्या टकल्या गरुडांपैकी शंभरात ४० वर्षाच्या आतली पोरे होती. १९५५ ते १९५९ या काळात शंभरात २० च उरली, आणि १९५७ साली ३२ मोठ्या गरुडांमागे एक पोर दिसले. मोठे गरुड डोळ्यांना दिसत होते, म्हणून सामान्य माणसाला काही बिघडल्याचे जाणवले नसते. वही मात्र सांगत होती की घरट्यांत पिल्ले निपजत नाहीत. १९६२ साली रेचल कार्सन यांनी कीटकनाशकांवरील आपल्या ग्रंथात हेच आकडे पुराव्यादाखल मांडले. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. ज्या माणसाने १९३५ साली ते गरुड टिपले, त्याला त्या वेळी डीडीटी हा शब्दही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. तो नुसता टिपीत होता.

इटलीतल्या वह्यांनीही असेच एक कोडे उलगडले, आणि ते मोठे मौजेचे आहे. इटलीत सापमार गरुड घरटी करतो. तोही आफ्रिकेतून येणारा पाहुणा. तेव्हा तो मेसिनावरून पुष्कळ जावा अशी अपेक्षा. पण मेसिनाच्या वहीत तो जवळजवळ नाहीच. मग हे गरुड येतात कोठून? उत्तर इटलीत, जेनोवाच्या पश्चिमेस किनाऱ्यावर आरेंझानो नावाचे गाव आहे; तेथल्या गणकांना मार्चमध्ये हे गरुड पश्चिमेकडून, म्हणजे फ्रान्सच्या बाजूने, इटलीत शिरताना दिसू लागले. पुढे गरुडांच्या पाठीवर यंत्रे बांधून उपग्रहांकडून माग काढला, तेव्हा खात्री पटली: ९० मैलांचा समुद्र नको म्हणून हा गरुड जिब्राल्टरचा चिंचोळा पल्ला ओलांडतो, स्पेन आणि फ्रान्स पालथे घालतो, आणि इटलीच्या घरट्यात मागच्या दाराने येतो. शेकडो मैलांचा वळसा पत्करतो, पण पाण्यावर पाऊल टाकीत नाही. मधुबाजाच्या अंगी पंख मारीत राहण्याची चिकाटी अधिक, म्हणून तो सरळ येतो. मेसिनाच्या वहीतल्या सापमार गरुडापुढच्या शून्यांनी हा प्रश्न प्रथम उभा केला, हे विसरू नये.

आपल्या देशातली एक हकीकतही येथे सांगण्याजोगी आहे. नागालँडात दोयांग जलाशयाच्या काठी २०१२ साली अमूर ससाण्यांची जाळी लावून प्रचंड कत्तल होत असल्याचे उघडकीस आले. हे ससाणे सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेस जाताना शरदात तेथे उतरतात, आणि पुढे महाराष्ट्रावरूनही जातात. दुसऱ्याच वर्षी, २०१३ साली, त्या गावांनी जाळी गुंडाळली. एका वर्षात जे तेथे साधले त्यास सिसिलीत दोन दशके लागली, याचे नवल वाटते खरे. पण दोयांगच्या कोळ्यांना ससाणा म्हणजे चार पैसे होते. पैशाला पर्याय शोधता येतो, गावचे वडीलधारे आणि चर्चचे पुढारी एकत्र बसून निर्णय करू शकतात. कॅलाब्रियातल्या त्या माणसाला पर्याय काय द्यावयाचा? त्याच्या बायकोवर त्याचा भरवसा आहे असे त्याच्याकडून जाहीर वदवून घ्यावयाचे?

खरे पाहता ते काम त्याच्या पुढच्या पिढीने केले. तळावर येणाऱ्या तरुणांत सिसिली-कॅलाब्रियातलीच मुले-मुली येऊ लागली. पेंढा भरलेला आदोर्नो ज्या घरांत मिरविला जाई तेथल्या पोरांना तो आता अडगळीतली वस्तू वाटतो. शिंगांची समजूत कोणी वादात हरविली नाही. ती म्हाताऱ्यांबरोबर म्हातारी झाली.

आता सामुद्रधुनीवर दुसरेच एक संकट घिरट्या घालीत आहे. मेसिना आणि कॅलाब्रिया यांना जोडणारा पूल बांधण्याची कल्पना पिढ्यानपिढ्या निघते आणि मागे पडते. मांडलेल्या आराखड्यात एकाच टांगत्या कमानीचा पल्ला ३,३०० मीटर आहे, आणि त्याला तोलणारे मनोरे ३९९ मीटर, म्हणजे तेराशे फुटांहून उंच आहेत. पलीकडच्या गावी इस्पितळात वा कामावर जाणाऱ्या माणसास होडीची वाट पाहणे किती जाचक होते हे समजण्यासारखे आहे. पुलाची इच्छा धरणारा प्रत्येक जण पक्ष्यांचा वैरी ठरत नाही. पण प्रतिकूल वाऱ्यात पाण्यालगत येणाऱ्या हजारो पक्ष्यांच्या नेमक्या वाटेत एवढे मनोरे आणि तारा उभ्या राहिल्या तर काय होईल, हा प्रश्न विचारावाच लागतो. तो आज नुसत्या हळहळीने विचारावा लागत नाही. कोणत्या वाऱ्यात, किती वाजता, किती उंचीवरून, किती पक्षी जातात, याच्या चाळीसेक वसंतांच्या नोंदी तेथे आहेत, आणि पुलाला हरकत घेणाऱ्यांनी त्याच पुढे केल्या आहेत. बार मोजण्यासाठी उघडलेली वही उद्या मनोऱ्यांच्या वादात उपयोगी पडेल असे १९८१ साली कोणाच्या स्वप्नातही नसेल.

मोसम मार्चअखेर भोवत्यांनी सुरू होतो, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मधुबाजांचा लोंढा लागतो, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात माळा तुटक होऊ लागतात. एखादा दिवस दहाबारा पक्ष्यांचा, एखादा तीनचारांचा. तोवर पहिले मधुबाज आल्प्स ओलांडून जर्मनी-पोलंडच्या रानांत घरट्याला काटक्या जमवू लागलेले असतात. कडेवरचे तरुण तळ आवरतात, दिवसांच्या बेरजा पुन्हा एकदा पडताळतात, तासांची बेरीज वेगळी लिहितात. परदेशांतून आलेले आपापल्या गावी जातात. शरदात हे पक्षी परत आफ्रिकेकडे निघतात, तेव्हा मोठे मधुबाज बहुतेक सिसिलीच्या पश्चिमेकडच्या छोट्या बेटांवरून जातात, आणि तेथे त्या वेळी वेगळी माणसे दुर्बिणी लावून बसलेली असतात.